बाबू, स्टार्टर दाबू नकोस

भंडारा

प्रिय बाबू,

मालवणहून आणलेली जुनी जेट स्की पवनीला घरी पोचल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. तू पाठवलेले फोटोही पाहिले. सीटखालच्या पोकळीत तांबडं पाणी सुकल्याची रेघ आहे, बोल्टांभोवती पांढरी भुकटी साचली आहे आणि इंजिन हातानं फिरत नाही. म्हणून आधी एवढंच ऐक: स्टार्टरच्या बटनाला हात लावू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग आज दुरुस्त होण्यासारखं इंजिन उद्या भंगारात जाईल.

घरचं पत्र मी छापायला देतो आहे, कारण गोसेखुर्द धरणाच्या काठावर जलपर्यटनाची तयारी चालू आहे आणि तुझ्यासारखी आणखी पोरं समुद्रावरची वापरलेली यंत्रं घेऊन येतील. त्यांच्याही कामाला येईल.

ऑगस्ट 2020 च्या अखेरचा पूर तुला आठवत असेल. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं, खाली गोसेखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले, तरी वैनगंगा भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरली. त्यानंतर किती तरी दिवस माझ्याकडे दुरुस्तीला बुडालेले पंप आणि मोटरसायकली येत राहिल्या. तेव्हा जे पाहिलं ते अजून विसरलो नाही. पाणी ओसरताच ज्यांनी प्लग काढले, पाणी बाहेर काढलं, तेल ओतलं, त्यांची इंजिनं वाचली. ज्यांनी ‘उन्हात सुकेल’ म्हणून अंगणात ठेवून दिली, त्यांची जाम झाली. पाण्यात पूर्ण बुडालेल्या लोखंडाला हवा फार मिळत नाही. पाणी निघून गेलं आणि आत नुसता ओलावा उरला की पाणी नि हवा दोन्ही मिळतात, आणि गंज तेव्हा धावतो. तुझं इंजिनही चालताना नाही, उभं राहून गंजलं आहे.

त्यात ते समुद्रावरचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. जुन्या जेट स्कीला रेडिएटर नसतो. मागचा पंप जे पाणी खेचतो, त्यातलंच थोडं इंजिनाभोवती फिरून बाहेर पडतं. म्हणून समुद्रातून आल्यावर नळाच्या गोड्या पाण्यानं आतून धुवावं लागतं. या धुण्यालाही क्रम आहे. आधी इंजिन चालू करायचं, मग पाणी सोडायचं. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलट केलं तर एक्झॉस्टमधून पाणी मागे सरकून थेट सिलिंडरमध्ये जातं. मशीन पाण्यात उलटली तर सरळ करण्याचीही ठरलेली बाजू असते आणि ती मागच्या स्टिकरवर लिहिलेली असते. भलत्या बाजूनं फिरवली की तेच होतं. तुझ्या मशीनचं काय झालं ते उघडल्यावर कळेल, पण या दोन गोष्टी आजच पाठ कर.

आता इंजिन बाहेर काढण्याचं. बॅटरी आधी सोड. पेट्रोल पूर्ण काढ आणि सीट उघडी ठेवून पोकळी चांगली वारं खाऊ दे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते, आणि एक ठिणगी पुरते. मग एक्झॉस्ट, कार्बोरेटर, पाण्याच्या नि तेलाच्या नळ्या, वायरी. प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून आकडा टाक आणि काढण्याआधी फोटो घे. इंजिनाच्या पायांखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतील. त्या ज्या पायाखालच्या आहेत त्याच पायाखाली परत जायला हव्यात. इंजिन आणि मागचा पंप एका रेषेत आहेत ते त्या चकत्यांमुळे. रेषा चुकली की कपलरचं रबर झिजतं आणि सगळी मशीन थरथरते. उचलायला चेन पुली लागेल. ती गोठ्याच्या सागवानी मयालीला बांध, छपरीच्या पत्र्याच्या पाइपाला नको.

खरी परीक्षा बोल्टांची आहे. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, बोल्ट पोलादी. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी फुगून आट्यांत पाचरीसारखी बसते. तिथं जोर लावलास तर बोल्टाचं डोकं तुटून हातात येईल. प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओत, बोल्टांवरही टाक आणि मुरू दे. घाई होत असेल तर त्या दिवशी दुसरं काम कर. मग पाना लावून आधी किंचित आवळ, मग सोड, परत आवळ, परत सोड. डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दे. तरीही नाही हललं तर ऊब दे, कारण अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं आणि पकड सैल होते. ऊब गरम हवेच्या गनची दे, गॅसच्या ज्योतीची नाही. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होऊन सावध करत नाही. हेडचे बोल्ट एका बाजूनं सरळ काढत जाऊ नकोस. समोरासमोरचे, थोडे थोडे सैल कर.

हेड निघालं की सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरव. नख अडकलं नाही तर होनिंग आणि नव्या रिंगांवर भागेल. अडकलं तर बोअरिंग आणि मोठ्या मापाचा पिस्टन. ते काम लेथवाल्याचं आहे, घरचं नाही. नागपूरला नेऊ.

आणि क्रँक. इथं माझं मत पक्कं आहे. अशा टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँकच्या पोटातूनच जातं, म्हणून पाणी शिरलं की पहिला मार तिथल्या बेअरिंगांना बसतो. हा क्रँक तुकडे दाबून एकत्र केलेला असतो, बेअरिंग आत असतात, पॉलिश पेपर तिथं पोचत नाही. डिझेलनं धुऊन ‘फिरतोय की’ म्हणणारे भेटतील. गंजाचे खड्डे पडलेला रोलर फिरतो, पण किती वेळ फिरेल हे कोणीच सांगू शकत नाही. खरखर जाणवली तर क्रँक बदलायचा, सीलसकट. जुन्या सीलमधून हवा शिरली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि नवा पिस्टन जळतो.

एवढा आग्रह का, तर ही मोटरसायकल नाही. जुन्या जेट स्कीला ब्रेक नाही, सुकाणूही नाही. मागून सुटणारी पाण्याची धार वळली की मशीन वळते. इंजिन मेलं की धार बंद, मग हँडल कितीही फिरव, ती होती त्याच दिशेनं घसरत जाते. समोर एखाद्या ढिवरबुवांचा डोंगा असेल तर काय, याचा विचार कर. गोसेखुर्दच्या पाण्याखाली बुडितातली गावं आणि शिवारं आहेत, खाली काय आहे ते वरून दिसत नाही. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत येतं. त्यावर पोसलेली जलकुंभी पंपाच्या जाळीत अडकली की धार कमी होते आणि इंजिनाला थंड करणारं पाणीही त्याच पंपाचं असल्यामुळे इंजिन तापतं. पाणी खारं नाही म्हणून धुणं टाळू नकोस.

2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं इंजिनावर चालणाऱ्या नावेची नोंदणी लागते. मशीन उघडायच्या आधीच कागद बघ, कारण मालकीचे कागद नीट नसतील तर क्रँकवर एक रुपयाही घालायचा नाही. पहिली फेरी जॅकेट घालून, बंद करायची दोरी मनगटाला बांधून, काठाजवळ, दुसरी नाव सोबत असताना. मागे कोणाला बसवायचं नाही, धाकटीला तर मुळीच नाही.

मी रविवारी पहिल्या एसटीनं येतो. टॉर्क पाना आणि गरम हवेची गन आणतो. तोवर बॅटरी सोडून, पेट्रोल काढून, मग प्लग काढून तेल ओतून ठेव, बाकी कशाला हात लावू नकोस. हेड आपण दोघं मिळून उघडू.

तुझा,
मामा