शिवनेरीभोवतीचे वर्तुळ

शिवनेरी एका चौकटीत मावत नाही. जुन्नरच्या पेठेतून वर पाहिले तर दिसतो तो नुसता कडा. सात दरवाजे ओलांडून माथ्यावर यावे, तर अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद, १६३० साली शिवाजी महाराज जन्मले ती वास्तू, बदामी तलाव आणि कडेलोट अशी एकेक जागा वेगळी भेटते. सुटे फोटो या जागा दाखवतात, पण गड दाखवत नाहीत. त्यासाठी पॅनोरमा लागतो.

ही कल्पना फोटोग्राफीहून जुनी आहे. एडिंबरा शहरातल्या रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये गोलाकार चित्राच्या रीतीचे पेटंट घेतले. प्रेक्षकाने मध्ये उभे राहायचे आणि चित्रातले दृश्य त्याच्या चहूबाजूंनी असायचे. अशा चित्रांनाच पुढे पॅनोरमा हे नाव पडले.

कॅमेऱ्याने हेच काम तुकड्यातुकड्याने होते. ट्रायपॉड समतल ठेवून कॅमेरा उभा धरतात आणि थोडा थोडा फिरवत फोटो घेतात. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा पुन्हा यावा लागतो. त्या समान भागावरूनच पुढे सांधे जुळतात. २४ मिमी लेन्सने पूर्ण वर्तुळाला सुमारे दहा फोटो पुरतात. एक्सपोजर, फोकस आणि रंगाचा समतोल शेवटपर्यंत एकच ठेवायची, नाहीतर आभाळात पट्टे उमटतात.

गडाच्या मधल्या टेकडीवर, ईदगाह आणि कोळी चौथऱ्याजवळ, चारही दिशा मोकळ्या होतात. पूर्वेला पायथ्याशी जुन्नरची घरे आणि त्यापलीकडे बागायती शेते. दक्षिणेकडे मानमोडीचा डोंगर आणि मीना नदीवरच्या वडज धरणाचे पाणी. पश्चिमेला चावंड आणि जीवधन हे किल्ले. त्याच दिशेला सातवाहनांचा नाणेघाट, जिथून कोकणातला माल चढून जुन्नरच्या बाजारात येई. उत्तरेला कुकडीचे खोरे आणि लेण्याद्रीचा कातळ. वर्तुळ पुरे झाले की गड इथेच का, याचे उत्तर समोर असते. घाटाची वाट, तिच्यावरचे राखणदार किल्ले, नद्यांची सुपीक खोरी आणि बाजारपेठ, सगळे एका नजरेच्या टप्प्यात आहे. पहारेकऱ्यानेही हेच वर्तुळ रोज पाहिले असणार.

खाली उतरल्यावर जागेप्रमाणे रीत बदलते. जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक खोदीव लेणी आहेत. तुळजा लेण्यातले चैत्यगृह तर मुळातच गोल आहे: मध्ये स्तूप, भोवती बारा खांब, वर घुमट. इथे खांब हाताच्या अंतरावर येतात. कॅमेरा लेन्समधल्या नेमक्या बिंदूभोवती फिरला नाही, तर जवळचा खांब मागच्या भिंतीवरून सरकतो आणि जोडताना दुभंगतो. लेण्याद्रीच्या गिरिजात्मज गणपतीच्या लेण्यात मोठा बिनखांबी सभामंडप आहे. तिथे खांबांची अडचण नाही, पण भिंतीच्या सरळ रेषा पॅनोरमात धनुष्यासारख्या वाकतात. हापूसबागेतली सौदागर घुमट मात्र एकटी, प्रमाणबद्ध उभी आहे. तिला एक चौकट पुरते.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले, ते जुने आंबेगाव त्याच्या पाण्याखाली गेले. काठावरून आज पॅनोरमा घेतला, तर गावाच्या जागी पाणीच येते. म्हणूनच जे अजून समोर आहे त्याचे पूर्ण वर्तुळ वेळीच टिपून ठेवणे मोलाचे ठरते.

११ जुलै २०२५ रोजी शिवनेरीसह बारा मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. ती नोंद ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने आहे. या नावातच तटबंदीबरोबर भोवतालचा मुलूखही येतो.