शापोऱ्यापलीकडची फिर्गोज

गोव्यातल्या चर्चवर लेख हवा, असं संपादक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा जुनं गोवं असतं. या वेळी मी आधीच सांगून टाकलं, लिहीन तर पेडणे आणि डिचोलीबद्दल. याला कारण आहे. उन्हाळ्यात पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावर जुन्या खुरसावर, म्हणजे क्रुसावर, लोकांनी पत्र्याची शेड घातली. मे महिन्यात तिथं संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हणतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ऊन आणि वळवाचा पाऊस सोसत नाही, म्हणून. आठवडाभरात तक्रार गेली की गावात नवं चर्च उभं राहतंय आणि तिथून धर्मांतर सुरू होणार. जुने कागद वाचता येतात म्हणून मला बोलावलं. खुरीस चांगलाच जुना होता. चिऱ्याच्या चौथऱ्यावर चुन्याचे इतके हात बसले होते की कोपरे गोल झाले होते, आणि पायथ्याशी तेलाच्या दिव्याची काजळी. त्या दिव्यात तेल घालणाऱ्यांत हिंदू घरंही होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तक्रार पुढे बारगळली. मला मात्र ती अजून सलते, कारण नवं चर्च म्हणजे धर्मांतरच ना, हे शिकलेली माणसंही मला याच शब्दांत विचारतात.

माझा विषय फिर्गोजींच्या हद्दी आणि त्यांची दफ्तरं. वाड्यावर असतो तो खुरीस, त्यावर छप्पर घालून वेदी उभारली की होतं कोपेल. या दोन्हींमुळे फिर्गोज होत नाही. फिर्गोज म्हणजे ठरलेली हद्द, त्या हद्दीतली सगळी कॅथलिक माणसं, त्यांच्यासाठी नेमलेला विगार, म्हणजे मुख्य पाद्री, आणि त्याच्या ताब्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या वह्या. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं ५१५ वं कलम सांगतं की ती स्थापण्याचा, मोडण्याचा, बदलण्याचा अधिकार फक्त बिशपचा, आणि तोही धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घेतल्याशिवाय वापरता येत नाही. वाचक इथं कंटाळतात, हे मला माहीत आहे. पण हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

धर्मांतराच्या आरोपाला इतिहास आहे. बारदेशात फ्रान्सिस्कन आणि सासष्टीत जेझुइट सत्तेच्या हातात हात घालून आले. देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं. ते झाकण्याचं काही कारण नाही. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आसरा घ्यावा लागला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्यानं बांधवलं. डिचोली तेव्हा पळून आलेल्या देवांचा मुलूख होता.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८१ ते १७८८ च्या दरम्यान, डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगिजांकडे गेले. तोवर काळ बदलला होता. जेझुइटांना १७५९ मध्येच पोर्तुगालच्या मुलखातून हाकललं होतं, आणि या नव्या काबिजादीतल्या, म्हणजे नव्यानं घेतलेल्या मुलखातल्या, लोकांना त्यांचा धर्म नि चालीरीती राखण्याची हमी सरकारला द्यावी लागली होती. १८३५ पर्यंत उरलेले धर्मसंघही बंद पडले. मग पेडण्यातली संत जोसेफची, हरमलची कार्मेल सायबिणीची, मांद्र्यातली रोझरी सायबिणीची, डिचोलीतली कृपेच्या सायबिणीची इगर्ज, म्हणजे फिर्गोजीचं चर्च, कोणासाठी?

उत्तर बाप्तिस्म्याच्या वह्यांत आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं अशा वह्या ठेवणं बंधनकारक केलं, त्याचं पुण्य आम्हा अभ्यासकांच्या पदरी पडलं. जुनी नोंद सलग पोर्तुगीजमध्ये असते: मूल, दिवस, आईबाप, ते मूळचे कुठले, पादिन-मादिन म्हणजे धर्मपिता-धर्ममाता कोण. शापोरा नदीपलीकडच्या नोंदींत आईबापांचं मूळ गाव वाचत जा. शिवोली, कोलवाळ, थिवी, आसगाव. बारदेशातली कुळं जमीन कसायला आली, माडावर चढणारे रेंदेर आले, पाव भाजणारे पोदेर आले, मासेमार आले. सरकारी शिपाई आणि कारकून आले. १७४६ मध्ये घेतलेल्या तेरेखोलच्या किल्ल्यात तर इगर्ज तटबंदीच्या आतच आहे. माणसं आधी आली, खुरीस त्यांनी घातला, कोपेल वर्गणीतून झालं, आणि विगार सर्वांत शेवटी पोचला.

यावर मी भाषणं देऊन थकलोय. एक बाजू म्हणते, प्रत्येक घंटेमागे बाटवाबाटवी. दुसऱ्या बाजूचे आमचे काही उत्साही लेखक म्हणतात, मिशनऱ्यांनी काळोखात श्रद्धेचा दिवा लावला. दोघांनाही एकच गोष्ट हवी असते, बाहेरून आलेला पाद्री आणि त्याच्यापुढे वाकलेलं गाव. कोणी एखाददुसरं कुटुंब बाप्तिस्मा घेऊन आत आलं नसेल, असं मी म्हणत नाही. पण पेडण्या-डिचोलीतल्या फिर्गोजी धर्मांतरानं उभ्या राहिलेल्या नाहीत. त्या स्थलांतरानं उभ्या केल्या, आणि हे मान्य करायला दोन्हीकडच्यांना का जड जातं, हे मला खरंच समजत नाही.

वेगळी फिर्गोज मागण्यामागे अंतर हे कारण असतंच. माझ्या मते त्याहून मोठं कारण मरण. मूल आठ दिवसांनी न्हाणता येतं, लग्न पावसानंतर करता येतं. आषाढात शापोरा फुगलेली असताना मढं होडीत घालून पलीकडे नेणं कोणाला जमणार? म्हणून दफनभूमी गावात हवी, आणि पुरायला पाद्री जवळ हवा.

आता नदीवर पूल आहेत, पाद्री मात्र कमी पडतात. नियमानं धर्मगुरूनं दिवसाला एकच मीस, म्हणजे मिस्सा, करायची. निकड असेल तर बिशप दोनची आणि रविवारी तीनचीही परवानगी देतो. त्यामुळे रविवारी सकाळी विगार मोटारसायकलवरून इगर्जीतून कोपेलाकडे पळताना दिसतो. या धावपळीवर उपाय म्हणून आणखी फिर्गोजी कराव्यात का? मला शंका आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि डिचोलीतलं काम गेलं, पोरं आखातात नि इंग्लंडात गेली, घरांना कुलपं लागली. उलट २०२३ च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ सुरू झाला, तशी पेडण्यात झारखंड-ओडिशाकडची माणसं वाढतायत. त्यांतले जे कॅथलिक आहेत ते हद्दीच्या नियमानं आमच्याच फिर्गोजीतले. पण त्यांना कोकणी मीस कळत नाही आणि आमच्या लोकांना ती माणसं शेजारच्या बाकावर फारशी रुचत नाहीत. हे लिहिताना मला लाज वाटते. ज्यांचे खापरपणजे होडीतून परक्या गावात उतरले होते, त्यांनी तरी असं वागू नये.

त्यातच भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या, बिलिव्हर्स म्हणवणाऱ्या स्वतंत्र ख्रिस्ती गटांच्या प्रार्थनासभा. एका गावात जम बसला की दुसऱ्या गावात शाखा, ही त्यांची रीत. पास्टर आणि त्याच्यामागे येणारी माणसं, एवढ्यावर अशी सभा चालते. तिला बिशप नाही, फिर्गोजीची हद्द नाही. वर्तमानपत्रं मात्र अशी सभा आणि आमची फिर्गोज या दोन्हींना सरसकट चर्च म्हणतात, आणि मग सभांवरचा राग पत्र्याच्या शेडच्या वाट्याला येतो.

आमच्या फिर्गोजींत वाड्यावाड्यांत ल्हान क्रिस्ती समुदाय भरतात, पंधरा-वीस घरं एकत्र बसून बायबल वाचतात. नवी इमारत बांधण्याआधी या बैठकांत ती मोप्याकडची कुटुंबं बोलवावीत, वाचन हिंदीतूनही करावं, असं मी विगारांना सांगतो. काहींनी ते सुरू केलंय. बाकीचे म्हणतात, आधी कोपेलाचं छप्पर गळतंय ते बघू.