केस घरातली असते तेव्हा

डिटेक्टिव्हला सहसा बालपण नसतं. शेरलॉक होम्सचा भाऊ आपल्याला माहीत आहे. पण त्याची आई कोण, तो कुठल्या गल्लीत वाढला, शेजारच्या काकू त्याला काय म्हणून हाक मारायच्या, यातलं काहीच माहीत नाही. तो येतो, बुटावरचा चिखल बघतो, उत्तर देतो आणि निघून जातो. केस त्याच्या अंगाला लागत नाही, म्हणून आपल्यालाही निवांत वाचता येतं.

सारा पॅरेट्स्कीच्या व्ही. आय. वॉर्शॉस्कीचं तसं नाही. ही शिकागोची खासगी डिटेक्टिव्ह १९८२ साली 'इंडेम्निटी ओन्ली' या कादंबरीतून आली. पॅरेट्स्की तेव्हा शिकागोतच एका विमा कंपनीत नोकरी करत होती. त्याआधीच्या बऱ्याचशा अमेरिकन हेरकथांत बाई म्हणजे एकतर नायकाला जाळ्यात ओढणारी सुंदरी, नाहीतर प्रेत. व्ही. आय. मात्र पोलिसाची मुलगी, वकिली शिकलेली, तोंडाने फटकळ, मार खाऊन पुन्हा उठणारी. तिच्यावरच्या कादंबऱ्यांतली मला सगळ्यात आवडते ती १९८८ ची 'ब्लड शॉट'. ब्रिटनमध्ये ती 'टॉक्सिक शॉक' या नावाने निघाली आणि तिला सिल्व्हर डॅगर पुरस्कार मिळाला.

व्ही. आय. जुन्या बास्केटबॉल टीमसाठी आपल्या लहानपणच्या वस्तीत, दक्षिण शिकागोत, परत येते. स्टीलच्या गिरण्यांवर जगलेली ही वस्ती. गिरण्या बंद पडत गेल्या आणि मागे राहिली ती बेकार माणसं, दलदल आणि केमिकलचे कारखाने. शेजारच्या घरातली कॅरोलाइन, जिला व्ही. आय.ने लहानपणी सांभाळलेलं असतं, तिला गाठते. कॅरोलाइनची आई लुईसा मरायला टेकली आहे. किडन्या गेल्यात. लग्नाशिवाय मूल झालं म्हणून लुईसाला आईवडिलांनी घराबाहेर काढलं होतं, आणि सगळी गल्ली नाकं मुरडत असताना व्ही. आय.ची आई तिच्या बाजूने उभी राहिली होती. कॅरोलाइनचं म्हणणं एवढंच, की आई जाण्याआधी माझा बाप कोण ते शोधून दे.

बाप शोधता शोधता व्ही. आय. लुईसा जिथे काम करायची त्या केमिकल कंपनीपर्यंत पोचते. तिथला कंपनीचा डॉक्टर वर्षानुवर्षं कामगारांच्या रक्ताच्या तपासण्या करून वहीत आकडे लिहीत आलेला असतो. काय होतंय ते कंपनीला कळत असतं. ज्यांचं रक्त, त्यांना मात्र कोणी सांगत नाही.

मी रोज सर्व्हरचे लॉग वाचून पोट भरते. माझ्या भाषेत सांगायचं तर लॉग पूर्ण आहे, एकही ओळ गहाळ नाही, फक्त ज्याच्याबद्दल तो लिहिलाय त्यालाच वाचायची परवानगी नाही.

मी डोंबिवलीची. आमच्या एमआयडीसीच्या गोष्टी तुम्ही बातम्यांत पाहिल्या असतील: २०१६ च्या मेमधला तो स्फोट, २०२० मधला गुलाबी झालेला रस्ता. फोटो व्हायरल झाले, मीम्स झाले. बाबा तिथल्याच एका कंपनीत सव्वीस वर्षं प्लांट ऑपरेटर होते. दरवर्षी कंपनीत डॉक्टर यायचे, रक्त घ्यायचे. घरी रिपोर्ट कधीच आला नाही. 'सगळं नॉर्मल आहे' एवढं तोंडी सांगायचे आणि त्या दिवशी कँटीनमध्ये समोसा मिळायचा.

गेल्या वर्षी बाबांचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. नेफ्रॉलॉजिस्टने विचारलं, "कामावर कुठल्या केमिकलशी संबंध यायचा?" बाबांनी ड्रमांचे रंग सांगितले. निळा ड्रम, पांढरा ड्रम, त्यातला एक उघडला की डोळे झोंबायचे. नावं त्यांना कधी कोणी सांगितलीच नव्हती.

कारखान्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. बाबांना बीपी आहे, शुगर आहे, वय आहे. पण सव्वीस वर्षांचे आकडे कुठल्यातरी कपाटात असतील, तर ते डॉक्टरांसमोर असायला हवेत, एवढं कळायला डिटेक्टिव्ह लागत नाही.

कायदाही हेच म्हणतो. भोपाळनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ४१-सी आलं. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्याने रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवायच्या, आणि ठरलेल्या अटींनुसार त्या कामगारांना बघता आल्या पाहिजेत. म्हणजे पॅरेट्स्कीची कादंबरी येण्याच्या एक वर्ष आधीच तिच्यातला प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात होता.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही अर्ज करा. मी लिहून देते."

ते टीव्ही बघत होते. म्हणाले, "अगं, त्या कंपनीच्या पगारावर तू इंजिनियर झालीस." मग बऱ्याच वेळाने, "आणि त्यात काही निघालं तर?"

'ब्लड शॉट'मध्ये कॅरोलाइनही मध्येच व्ही. आय.ला सांगते, की पुरे, शोध थांबव. तोवर त्यांच्या टीममधलीच एक जुनी मैत्रीण मेलेली असते आणि व्ही. आय. थांबत नाही. शेवटी बाप कोण ते कळतं. मी सांगणार नाही, पण निदान एका घराला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाचताना अंगावर येतं ते हेच. अनोळखी गावातला खुनी सापडला की सुटल्यासारखं वाटतं. स्वतःच्या गल्लीतलं उत्तर सापडलं की आपण ज्यांच्या घरी जेवलो, ज्यांना काका म्हटलं, ती माणसं बदलून जातात. व्ही. आय. हा खर्च करते, कारण तो करायचा की नाही हे तिचं तिने ठरवलेलं असतं. माझ्या बाबतीत रक्त बाबांचं होतं. ठरवायचं त्यांनीच होतं. मी दोन महिने विषय काढला नाही.

मग एका रविवारी त्यांनीच काढला. त्यांच्या शिफ्टमधल्या एका काकांचं डायलिसिस सुरू झालं होतं. बाबा त्यांना भेटून आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "तो अर्ज लिही. पण माझ्या एकट्याचा नको, आमच्या चौघांचा लिही." मग जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी कोण कुठल्या साली लागला, कुठल्या विभागात होता, कोणाच्या वाट्याला कुठला ड्रम होता, सगळं न अडखळता सांगितलं. कंपनीने काय लिहून ठेवलंय माहीत नाही, पण एक नोंदवही बाबांच्या डोक्यातही होती.

अर्जावर चार सह्या आहेत. गेल्या महिन्यात स्पीड पोस्टने पाठवला. उत्तर आलेलं नाही. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय, त्याचा स्क्रीनशॉट मी चौघांना पाठवला. बाबांनी तो गॅलरीत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय.