एक बी खो नै मिल्या

आमच्या हिमायतनगरला जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. गाव पूर्वी हदगाव तालुक्यात होतं. 1999 साली स्वतःचा तालुका झाला, कचेऱ्या आल्या आणि शालेय क्रीडा स्पर्धाही आपल्याच तालुक्याच्या नावाने भरू लागल्या. 'तालुक्याला खेळायचंय' असं आमच्या नातीने घरात जाहीर केलं, तेव्हा तिच्या अम्मीने दोन दिवस आधीच तिचे बूट धुऊन गच्चीवर वाळत टाकले.

छोटी तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. स्पर्धा 14 वर्षांखालच्या मुलींची, खेळ खो-खो. सहावी-सातवीच्या मुली पुरेशा जमल्या नाहीत, म्हणून सरांनी हिला घेतलं. तिला त्याचं काही नव्हतं. यादीत नाव आलं एवढंच तिला कळत होतं.

ज्यांनी हा खेळ लहानपणीच सोडला त्यांच्यासाठी सांगतो. दोन खांबांच्या मध्ये आठ जणी ओळीने बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलाग करते. तिला मागे वळता येत नाही, ओळ ओलांडता येत नाही. पळणारी पलीकडे गेली की तिने बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, मग ती मुलगी उठणार. खो मिळाल्याशिवाय उठली तर फाऊल. म्हणजे बसलेल्या पोरीची सगळी मदार पाठीमागून येणाऱ्या हातावर.

मोठ्यांची पाळी 9 मिनिटांची, या वयाच्या मुलींची 7 मिनिटांची. दोन पाळ्या मिळून छोटी 14 मिनिटं तिसऱ्या चौकोनात बसली. उकिडवी, हात जमिनीला टेकवलेले, मान सारखी वळवत. मोठ्या मुली हुशार. ही लहान, पळणारी हिला सापडायची नाही, म्हणून त्या हिला टाळून पुढच्या मुलीला खो देत होत्या. पळण्याच्या वेळी हिचं नाव शेवटच्या तिघींच्या तुकडीत होतं. तिची बारी यायच्या आत शिट्टी झाली. संघ हरला.

घरी येताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मेरेकू एक बी खो नै मिल्या."

दादीने सवयीने म्हटलं, "कल मिलेंगा, बेटा."

पण तो 'कल' नव्हताच. आमच्याकडच्या या स्पर्धा बाद पद्धतीने होतात. हरला तो घरी. सोळा संघ आले तर आठ संघ एकच सामना खेळून परततात. तांड्यावरून, वाडीवरून जीपमध्ये कोंबून आणलेल्या मुली अर्धा तास खेळतात आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहतात. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. वर जाणाऱ्या संघासाठी ही शिडी ठीक आहे. नऊ वर्षांच्या पोरीला मात्र शिडीपेक्षा आधी मैदान लागतं. साखळी पद्धतीत चारच संघ असले तरी सहा सामने होतात, प्रत्येकाला तीन मिळतात. वेळ नाही, पंच नाहीत, पैसा नाही, ही कारणं आम्ही ऐकली. खरीही असतील. पण मग लहानांच्या स्पर्धेला स्पर्धा तरी कशाला म्हणायचं?

आणि हा खेळ मराठवाड्याच्या मुलींना परका थोडाच आहे? उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, सारिका काळे भारताची कर्णधार झाली. तिच्या संघाने 2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून दोन्ही चषक आपण घेतले. छोटीने ते सामने अब्बाच्या मोबाईलवर पाहिले. आम्ही पळणारीकडे बघत होतो, ही बसलेल्यांकडे. कोणाला खो मिळाला, कोणाला नाही, बोटांवर मोजत होती.

मग आम्ही चार म्हाताऱ्यांनी चहाच्या हॉटेलात बसून ठरवलं. मोहल्ल्यातल्या आणि आसपासच्या मुलींचे चार संघ, दर रविवारी सकाळी दोन सामने, साखळी पद्धत. खांब सुताराने लाकडाच्या किमतीत करून दिले. चुना आम्ही वर्गणीतून आणतो. पाऊस आला की रेघा वाहून जातात आणि वर्गणी पुन्हा सुरू होते. सर शिट्टी घेऊन फुकट येतात. सुरुवातीला दोन घरांतून 'मुलींचं काय काम मैदानात' असं आलं. आता त्या घरांतल्या आजीच सगळ्यात आधी येऊन दगडावर जागा धरतात.

एक नियम आमचा स्वतःचा, पुस्तकात नाही. बसलेल्या प्रत्येक मुलीला एका पाळीत निदान एक खो मिळालाच पाहिजे. यावरून मोठ्या मुलींशी रोज भांडण. सातवीतली एक, तांड्यावरून येणारी, चांगली चपळ पोरगी आहे. ती म्हणते, "दादा, लहानीला खो देईपर्यंत समोरचा गडी निघून जातो ना!" तिचं म्हणणं चूक नाही. पळणारी निघून जाते, गुण जातो. नियम ठेवायचा की काढायचा, यावर हॉटेलात दोन तट पडलेत. सर काढायच्या बाजूचे, आम्ही ठेवायच्या.

परवाच्या रविवारी छोटी पाचव्या चौकोनात होती. पाठीवर थाप पडली, ती ताडकन उठली आणि उलट्या दिशेला धावली. सरांनी शिट्टी वाजवली, फाऊल.

घरी येताना म्हणाली, "दादा, आज तीन खो मिले."

फाऊलचं तिने काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही.