ताण तोडण्याआधीची शर्यत

मोसंबीचा ताण तोडायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघे डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर धावलो. एक मी, एक शाळामास्तर आणि तिसरा अण्णा, माझा बालमित्र, अंबडकडचा बागायतदार. तिघांची वये मिळून दीडशेच्या वर. एकदा आंबवणी, चिंबवणीची पाणी सुरू झाली की आंब्या बहारात कुणाला उसंत नसते, म्हणून शर्यत ठरली ती ऐन थंडीत.

कल्पना मास्तरांची. अविनाश साबळे हे त्यांचे दैवत. शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा खरा प्रकार ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत. पण २९ नोव्हेंबर २०२० रोजी तो दिल्लीत अर्धमॅरेथॉन धावला आणि २१ किलोमीटरहून जरा जास्त अंतर त्याने १ तास ३० सेकंदांत काटले. पुढे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशाने! मास्तर हे सारे शाळेतल्या पाढ्यासारखे म्हणून दाखवतात.

माझे कारण निराळे होते. २०१२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. "छाटणी कर, आच्छादन घाल, टँकरने पाणी दे, बाग वाचेल," असे मी अण्णाला छातीठोकपणे सांगितले होते. त्याने कर्ज काढून टँकर घेतले. बाग वाळली ती वाळलीच, कर्ज तेवढे उरले. पुढे त्याने नवी बाग लावली, फळेही धरली. पण एकेरीतला माझा मित्र मला "साहेब" म्हणू लागला. ते "साहेब" फार बोचे.

थंडीत अंग तापत नाही, दम टिकतो. मात्र आधी दहा मिनिटे चालून पाय मोकळे करावेत. मी ते केले नाही. (इतरांना सल्ला देणाऱ्यांची ही जुनी खोड!) तिसऱ्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे "चला काका!" म्हणत वाऱ्यासारखी पुढे गेली. मास्तरही दिसेनासे झाले. अण्णा तेवढा मागे फिरला आणि खाली बसून माझी पोटरी चोळू लागला.

मी म्हणालो, "अण्णा, त्या साली माझं चुकलं. बाग वाचेल असं सांगायला नको होतं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू एकदा तरी म्हणशील म्हणून वाट बघत होतो. पाणी काय तुझ्या हातात होतं का रे? ऊठ आता, मास्तर चहा संपवून टाकील."

उरलेले अंतर आम्ही लंगडत, बोलत काटले. शेवटून पहिले आलो. बुधवारी अण्णाचा फोन आला, "पाणी सोडतोय. येतोस का?"