दोन्ही समीकरणं बॅलन्स होतात!

केमिकल इक्वेशन बॅलन्स करणं म्हणजे दहावीच्या पेपरातले हक्काचे मार्क. परीक्षा संपली की विषय संपला. पुढे आपण ईएमआय बॅलन्स करतो, वर्क-लाइफ बॅलन्स करतो (जमेल तेवढा!), पण मिथेन नि ऑक्सिजनच्या वाटेला कोण जातंय? मला मात्र तो प्रकार शाळेतही आवडायचा. आणि मागच्या हिवाळ्यात पुण्यात फ्लॅट शोधताना तो चक्क कामाला आला.

फंडा सोपा आहे. रिअॅक्शनमध्ये अणू नव्याने तयार होत नाहीत नि गायबही होत नाहीत. डावीकडे जेवढे, उजवीकडे तेवढेच. आकडे टाकायचे ते फॉर्म्युल्याच्या आधी. पायाशी असलेल्या छोट्या आकड्याला हात लावायचा नाही. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहिलेत की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं!

तर फ्लॅट. भाडं बजेटमध्ये, ऑफिस जवळ. रूममेट तर पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे इथपर्यंत पोहोचली होती. मी बाथरूममध्ये डोकावले. इवलीशी खोली, भिंतीवर गॅस गीझर, आणि वरच्या खिडकीच्या काचांच्या फटी चिकटपट्टीने बंद.

"थंडीत वारा येतो ना मॅडम, म्हणून या वर्षी पॅक केलीय," ब्रोकर अभिमानाने म्हणाला.

"अगं, आधीचे लोक दोन वर्षं राहिले इथे. काही झालं का त्यांना?" रूममेट कुजबुजली.

तेव्हा खिडकी उघडी होती, एवढाच फरक. पण तो साधा नव्हता. घरमालक काका तिथेच होते, बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडून कागद मागून घेतला आणि दोन ओळी लिहिल्या.

सीएच४ + २ओ२ → सीओ२ + २एच२ओ

२सीएच४ + ३ओ२ → २सीओ + ४एच२ओ

पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. पहिल्या ओळीत त्याला पोटभर ऑक्सिजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दुसरीत ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अणू मोजून बघा, दोन्हीकडे हिशोब चोख! म्हणजे बॅलन्स झालं म्हणून ते सुरक्षित असं मुळीच नाही. कुठला प्रॉडक्ट मिळणार हे पेन नाही, खिडकी ठरवते.

काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे ताळेबंद दोन्ही जुळतात, पण दुसऱ्यात घोटाळा आहे!"

करेक्ट. आणि घोटाळा दिसतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गॅस लीक झाला की नाकात जाणारा तो वास गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, आणि ज्योतीत तोही जळून जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मात्र हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, पाय लटपटतात. कडी उघडायचं बळही राहत नाही.

"सिलिंडर लावला तर?" काकांनी विचारलं. तेव्हा तर तेवढ्याच आकारमानाच्या गॅसला हवा आणखी लागते. एक भाग मिथेनला दोन भाग ऑक्सिजन पुरतो, सिलिंडरमधल्या प्रोपेनला पाच भाग. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांशच. म्हणजे मिथेनला जवळपास दहापट हवा, प्रोपेनला चोवीसपट. पाच बाय चारच्या बंद बाथरूममध्ये ती आणायची कुठून?

रूममेट गप्प झाली. काकांनी स्वतः स्टुलावर चढून चिकटपट्ट्या ओढून काढल्या. आठवड्याभरात गीझर ड्राय बाल्कनीत गेला, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपसकट. मगच आम्ही अॅग्रीमेंटवर सह्या केल्या.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा मोबाइलची रेंज चेक करता ना? बाथरूममध्ये मान वर करून खिडकीही बघा. गीझर आतच असेल तर मालकाला बाहेर हलवायला सांगा. तोवर खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. ज्योत निळी असू द्या. पिवळी दिसली तर मेकॅनिकला त्याच दिवशी फोन लावा, वीकेंडची वाट बघू नका.