उघड्यावरचं बाक

वैशाख अर्धा सरला की काळेवाडीच्या गच्च्यांवर लगबग सुरू होते. कुणी टाकीखालची भेग भरून घेतं, कुणी पत्र्याचे हुक आवळतं, कुणी कुंड्यांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करतं. आगोटीची सवय गावाकडून शहरात आली तरी सुटत नाही. ७-८ जूनला मृग लागतो. त्याच्या आत जे कोरडं, घट्ट आणि झाकलेलं करून घ्यायचं ते उरकावं लागतं. या कामांत माझ्या लेखी पहिला मान बाहेर ठेवलेल्या बसायच्या वस्तूंचा. गच्चीवरचं बाकडं, जिन्याखालची बाज, गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली रोवलेलं लोखंडी बाक. घरातली खुर्ची दुर्लक्ष केलं तरी वर्षानुवर्षं तग धरते. उघड्यावरची वस्तू ऊन, पाऊस आणि मातीच्या ताब्यात असते. वर्षातून एकदा तरी तिच्यावरून हात फिरला नाही, तर ती आपल्या हातची जाते.

काळेवाडीत बाग कुठे आहे, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर एकामागून एक शेड उभ्या राहिल्या. त्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या माणसांनी पवनेच्या या काठावर अर्धा गुंठा, एक गुंठा अशी जागा घेतली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात जिना, दोन खोल्या, मोरी. पुढे हाती पैसा आला की वर भाडेकरूंसाठी मजला. जमिनीवर अंगणाला जागा उरली नाही, म्हणून ते जिन्याने वर गेलं. ज्योतिबानगर, नढेनगर, तापकीरनगर, कुठल्याही गच्चीवरून संध्याकाळी नजर टाका, हे वर गेलेलं अंगण दिसतं. रंगाच्या बादलीत तुळस, तेलाच्या डब्यात कढीपत्ता, फुटक्या टाकीच्या तळात अळू, आणि या सगळ्यांच्या मधोमध टेकायला काहीतरी. मराठवाड्यातून आलेल्या घरी बाज, कोकणातल्या घरी झोपाळा, आणखी कुणाकडे साधं चार पायांचं बाकडं. माणूस गाव सोडताना बसायची रीत बरोबर घेऊन निघतो.

लाकूड आमच्याकडे चाकणच्या वाटेने येतं. तिथल्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं आणि सुटे भाग येतात ते पाईनच्या पेट्यांतून, पॅलेटवरून. माल उतरला की लाकूड भंगारात जातं आणि तिथून टेम्पोने वस्त्यांमध्ये पोचतं. पॅलेट हाती आलं की मी आधी त्याच्या ठोकळ्यावरचा शिक्का शोधतो. गव्हाच्या लोंबीचं चित्र, शेजारी देशाची दोन अक्षरी खूण, एक क्रमांक आणि शेवटी ‘एचटी’ किंवा ‘एमबी’. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याची ही निशाणी. ‘एचटी’ म्हणजे लाकूड थेट गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. धुरीचं लाकूड मी बसायच्या वस्तूसाठी घेत नाही. ज्यावर तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत, तेही नाही. तापवल्याने आतली कीड मरते, पण पुढे लागणाऱ्या वाळवीला आणि बुरशीला त्याने अडकाठी होत नाही. ती जबाबदारी लाकूड घरी आणणाऱ्याची.

आलापल्लीचा साग असता तर निम्मी काळजी मिटली असती. सागाच्या गाभ्यात मुळातच तेल आणि राळ असते, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पाडलेल्या जुन्या वाड्यांचा साग पुण्यात अजून विकत मिळतो. त्याची एक तुळई चिरली की शंभर वर्षांनंतरही वास येतो. पण पगारावर चालणाऱ्या घराने गच्चीवरच्या बाकासाठी साग घ्यावा, असा त्याचा भाव नाही. पाईन मऊ, हलकं आणि पटकन कुजणारं. त्याला टिकवायचं तर हाताने कष्ट घ्यावे लागतात. मला ते कष्ट आवडतात, कारण त्यात लाकडाचा स्वभाव कळतो.

बाहेरचं बाक बांधताना सगळं शहाणपण एकाच गोष्टीभोवती फिरतं: पाणी थांबू द्यायचं नाही. लाकडातला ओलावा विसेक टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी धरत नाही. पावसात लाकूड भिजणारच, पण भिजलेल्याला वाळायला वाट हवी. म्हणून बैठकीच्या दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवायची. फळ्यांच्या वरच्या कडा रंध्याने गोल मारायच्या. धारदार कडेवरून रंग आधी उडतो, गोल कडेवर तो धरून राहतो. साधे खिळे टाळायचे, कारण लोखंडी खिळा गंजला की फुगतो आणि फळीला चीर पाडतो. जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यायचे आणि प्रत्येकाच्या आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर पाईनची फळी टोकाशी तडकते.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे पायाचं खालचं टोक. करवतीने आडवा कापलेला तो भाग बोटाने चाचपून पाहा, खरखरीत लागतो. तिथे लाकडातल्या उभ्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. फळीच्या पाठीतून पाणी शिरतं त्याच्या कितीतरी पट या टोकातून वर चढतं. बाक उलटं करायचं, फडक्याने जवसाचं तेल त्या टोकावर चोळायचं आणि थांबायचं. तेल डोळ्यांदेखत आत जातं, पृष्ठभाग पुन्हा फिका पडतो. पुन्हा लावायचं. लाकूड तेल प्यायचं थांबेपर्यंत हे करायचं. मग पायाखाली रबराचा तुकडा ठोकायचा किंवा बाक शहाबादी फरशीवर उभं करायचं, म्हणजे साचल्या पाण्यात पाय राहत नाहीत. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते, आणि बोळ्यात ती कोंडली तर चिंधी आपोआप पेट घेते. दोरीवर पसरून वाळवायची, मगच टाकायची.

आणि बाकाला हात हवेत. बैठक अठरा इंच उंच आणि दोन्ही बाजूंना टेकायला हात, एवढं केलं तर गुडघे दुखणारी आजी कुणाला हाक न मारता उठू शकते. नुसत्या सपाट बाकावर ती बसायचंच टाळते, कारण उठायचं कसं ही धास्ती आधी येते. दोन फळ्यांच्या तुकड्यांनी एका माणसाची संध्याकाळ त्याच्या स्वाधीन होते. सुतारकामात इतक्या थोडक्यात इतकं मोठं काम दुसरं मला माहीत नाही.

लोखंडाची तऱ्हा वेगळी. आमच्या गल्लीतलं पाइपचं बाक दरवर्षी रंगवूनही पायाशी खात होतं. शेजारचे काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मी तारेच्या ब्रशने गंज घासत होतो, ते बराच वेळ बघत उभे राहिले.

“अरे, वरून कितीही फास, गंज आतून येतोय,” ते म्हणाले.

“मग काय करायचं, काका?”

“खाली भोक पाड. शिरलेलं पाणी निघून जाऊ दे.”

त्यांनी घरून ड्रिल आणलं. पाइपच्या तळाशी, काँक्रीटच्या बोटभर वर, बारीक भोक पाडलं, आणि त्यातून तांबूस पाण्याची धार लागली. पाइप वरून बंद दिसला तरी जोडातल्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत जातं आणि तळाशी साचून राहतं. मग काकांनी पायाभोवती सिमेंटची उतरती कड बांधायला लावली, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी डबकं करणार नाही. घासलेल्या जागी आधी रेड ऑक्साइडचा हात, तो पुरता वाळल्यावर ऑइलपेंट. तुटलेला जोड वेल्डिंगवाल्याने लावला तेव्हा काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जस्त चढवलेल्या पाइपला जोड द्यायचा तर त्या जागचं जस्त आधी घासून काढतात आणि काम उघड्यावर करतात. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. कारखान्यात आयुष्यभर वापरलेलं ज्ञान असं गल्लीच्या बाकाला लागतं. पिंपरी-चिंचवडची खरी श्रीमंती मला यात दिसते. इथल्या दर दुसऱ्या घरात टर्नर, फिटर, वेल्डर, पेंटर आहे. जगातल्या कुठल्याही यंत्राचा नट ओळखणारी बोटं आहेत. त्यांच्या दारातलं बाक डगमगतं राहू नये.

बाजेचं शास्त्र बायकांच्या हातात जास्त असतं. वैशाखात गच्चीवरच्या बाजेवर जुनी साडी अंथरून कुरडया, सांडगे, पापड वाळत घातले जातात. संध्याकाळी तीच बाज बसायला आणि रात्री निजायला. विणीला झोल पडला की पायथ्याची दोरी एकेक वेढा ओढत ताणून घ्यायची, एवढ्याने बाज पुन्हा ताठ होते. नायलॉनची पट्टी पाण्याला दाद देत नाही पण उन्हाने जीर्ण होते. सुंभ उन्हाला टिकतं पण सतत ओलं राहिलं की कुजतं. एक पट्टी तुटली तर तेवढीच बदलता येते, आणि हे बाजेचं सगळ्यात मोठं भाग्य. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या वाट्याला ते येत नाही. दोन-तीन उन्हाळे उघड्यावर गेले की तिचा रंग पांढुरका पडतो, हात लावला तर भुकटी येते, आणि एके दिवशी बसलेल्या माणसासकट पाय मोडतो. तिला सांधता येत नाही, ताणता येत नाही, विणता येत नाही. नवी वस्तू घेताना ती दुरुस्त कशी होईल हे आधी विचारावं, असं मला मनापासून वाटतं. उघड्यावर ठेवायची असेल तर हा प्रश्न किमतीच्याही आधी यायला हवा.

महाराष्ट्रातल्या चौकाचौकांत, मंदिरांच्या आवारात, नदीकाठी बाकं आहेत, आणि बहुतेकांच्या पाठीवर नाव आहे. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांच्या सौजन्याने. गेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाला टेकायला जागा द्यावी, ही रीत सुंदर आहे आणि ती राहावी. पण नाव एकदा लिहिलं जातं, बाक मात्र पुढची वीस वर्षं उन्हापावसात उभं असतं. त्याचे बोल्ट आवळणारा, गंज घासणारा, फुटलेल्या फरशीची धारदार कड बुजवणारा माणूस कुठल्याच पाठीवर नसतो. बाक देणं एका दिवसाचं, बाक राखणं दरवर्षीचं. स्मरण टिकतं ते राखणाऱ्याच्या हातांवर.

काळेवाडीसारख्या ठिकाणी या राखणीला आणखी एक अर्थ आहे. इथे जवळजवळ प्रत्येकजण कुठून तरी आलेला. गावाकडे पार होता. पिंपळाभोवतीचा तो दगडी ओटा कुणी बांधला हे न विचारता माणसं त्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसली. इथे तसा पार वारशाने मिळालेला नाही. गल्लीच्या तोंडाशी रोवलेलं बाक हाच आमचा पार, आणि तो आम्हालाच सांभाळायचा आहे. नव्याने खोली घेतलेला मुलगा पहिल्यांदा त्यावर टेकतो, शेजारचे आजोबा “कुठलं गाव तुमचं?” असं विचारतात, आणि तिथून त्याला मेसचा पत्ता, दवाखाना, पाण्याची वेळ सगळं कळत जातं. बाक मोडलं की ही विचारपूस बंद पडते. माणसं दारं लावून घेतात आणि एकाच जिन्यावर वर्षभर अनोळखी राहतात.

आपल्याकडे कूळकायद्याच्या काळात एक न्याय घरोघर पोचला: कसेल त्याची जमीन. उघड्यावरच्या बाकाला मला तोच न्याय लावावासा वाटतो. महापालिकेचं असो, मंडळाचं असो, कुणाच्या सौजन्याचं असो, जो त्याची डागडुजी करतो त्याचा त्यावर पहिला हक्क, आणि तो हक्क तो इतरांना बसू देऊनच बजावतो. गणेश मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ गल्लोगल्ली आहेत. वैशाखातला एक रविवार, अर्धा लिटर ऑइलपेंट, तेलाचा छोटा डबा, तारेचा ब्रश, मूठभर बोल्ट आणि दोन पाने, एवढ्यावर अख्ख्या गल्लीची बसायची सोय वर्षभर निर्धोक होते. पोरांना बरोबर घ्यावं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला घासकागद दिला की तो तासभर हलत नाही, आणि ज्या फळीला त्याने हात लावला तिच्यावर तो पुढे कधी चाकूने नाव कोरत नाही.

सुरुवात बाक उलटं करून करावी, रोवलेलं असेल तर खाली वाकून. वरची बाजू सगळ्यांना दिसते, दुखणं मात्र पायाशी असतं. पाय बघावेत, मग जोड, मग पाठ; गंज असेल तर घासावा, टोक कोरडं असेल तर तेल पाजावं, बोल्ट सैल असेल तर आवळावा. मृगाचा पाऊस नेहमीसारखा अचानक येईल. त्याच्या आत आपल्या गल्लीतलं निदान एक बाक प्रत्येकाने आपलं म्हणून हाती घ्यावं.